सलोमीचा रविवार

आईचे केस विंचरायला मी फणी घेतली, तर ती म्हणाली, "तू नको गं, ओढतेस. सलोमीला बोलाव." सलोमी झारखंडची. सहा वर्षं आमच्याच घरी राहून आईचं सगळं करते. तिच्या हाताखाली आई डोळे मिटून बसली आणि पन्नाशीतल्या मला लहान मुलीसारखा हेवा वाटला.

लॉकडाऊनमध्ये सलोमीचे वडील गेले, तेव्हा तिला गावी जाता आलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात बसून ती रडली. पुढे सोसायटीच्या सभेत आम्ही सगळ्यांनी हात वर करून ठराव केला, घरी राहून काम करणाऱ्या बायकांना रविवारची सुट्टी. तो अजून फाइलमध्येच आहे. प्रत्येकाच्या घरात एक म्हातारं माणूस आहे, एवढंच.

वेणी घालून झाल्यावर सलोमीने विचारलं, "ताई, उद्या चर्चला जाऊ? गावच्या मुली येणार आहेत."

म्हणजे आई दिवसभर माझ्या एकटीची, मला हवी होती तशी. तरी मी म्हटलं, "पुढच्या रविवारी बघू." माझ्या हातून आईचं नीट होणार नाही आणि ते आईला दिसेल, याची मला भीती वाटली. अशा बायकांच्या सुट्टीसाठी सरकार नियम करत नाही म्हणून मी किती तावातावाने बोलत असे!

"जाऊ दे तिला," आई म्हणाली. "एक दिवस तुझं चालवून घेईन मी."

ते 'चालवून घेईन' फार लागलं. पण मी सलोमीला म्हटलं, "सकाळीच निघ. संध्याकाळपर्यंत येऊ नकोस."