वेलिमिरचा अहवाल आणि स्तामेंकाची गाठ

माझा नवरा वेलिमिर जिल्ह्याच्या इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट आहे. अंगातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहायचा आणि काय दिसलं ते दुसऱ्या डॉक्टरांना लिहून कळवायचं, हे त्याचं काम. पाहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. लिहायला बसला की मात्र त्याचं पेन पळवाटा शोधू लागतं. 'दिसते' असं तो लिहीत नाही, 'दिसत असल्याचे जाणवते' असं लिहितो. घरीही तेच. सारम्यात, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्यात, मीठ कमी पडलं का विचारलं, तर म्हणतो, "तसं वाटण्यास वाव आहे. तूही चाखून बघ." लग्नात धर्मगुरूंनी विचारल्यावर तो सरळ 'हो' कसा म्हणाला, हे देवालाच ठाऊक.

गेल्या गुरुवारी शेजारची स्तामेंका कुंपणापाशी आली. छातीतल्या गाठीसाठी सोमवारी तिचा स्तन काढायचा ठरला होता. सर्जन प्रोकिच यांनी अहवाल वाचून तसं सांगितलं होतं. अहवाल आमच्याच घरच्या माणसाचा. मी तडक स्वयंपाकघरात वेलिमिरकडे गेले.

"काय दिसलं होतं तुला?"

"तंतूंची साधी गाठ. निरुपद्रवी."

"मग लिहिलंस काय?"

"निरुपद्रवी असण्याशी सुसंगत. तथापि गंभीर बदल नाकारता येत नाहीत. लक्षणांशी ताडून पाहावे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे प्रोकिचने ठरवायचं."

"तो म्हणतो तू ठरवलंयस!"

"मी कुठे काय ठरवलं? या वाक्याची तीच तर खुबी आहे." आणि तो शांतपणे कॉफी पिऊ लागला. "उद्या काही निघालं तर मान माझी अडकते."

"आणि काहीच निघालं नाही तर? तिचा स्तन जाईल त्याचं काय? फोन कर त्याला."

"फोन केला तर आधीचा अहवाल कच्चा होता असं दिसेल."

शनिवारी आमची स्लावा होती, घराण्याच्या संताचा सण. आमच्या घराण्याचे संत लुका, स्वतः वैद्य. या दिवशी आम्ही आमंत्रण कोणालाच देत नाही. यायचे ते येतात. प्रोकिचही आले. क्रूसाची खूण केली, प्रसादाचे गहू चमचाभर खाल्ले, फळांच्या दारूचा, राकियाचा, पेला घेतला.

मी विचारलं, "डॉक्टर, स्तामेंकाचं खरंच एवढं काढावं लागणार?"

"मी काय करू? नाकारता येत नाही असं लिहिलंय. मग मी नाकारणारा कोण?"

"मी ताडून पाहायला सांगितलं होतं," वेलिमिर पुटपुटला.

"ताडलं ना! तुमच्याच अहवालाशी!"

पाहुणे हसले. मला हसू आलं नाही. मी ताट खाली ठेवलं. "वेलिमिर, संतांची मेणबत्ती जळतेय. तिच्यासमोर सांग. कर्करोग आहे की नाही?"

तो मेणबत्तीकडे बघत राहिला.

"नाही."

"काय म्हणालात?" प्रोकिच पुढे वाकले.

"नाही म्हणतोय! साधी गाठ आहे!"

"हे लिहून द्या डॉक्टर, मी सोमवार रद्द करतो."

तो आतल्या खोलीत गेला. आमचे सारमे संपले, केक कापून झाला, तेव्हा कुठे बाहेर आला. कागदावर होतं, 'निरुपद्रवी तंतुमय गाठ. पाठवलेल्या तुकड्यात कर्करोग नाही.'

"पुन्हा शेपूट?" प्रोकिच म्हणाले.

"शेपूट नाही. जे माझ्याकडे आलंच नाही, ते मी पाहिलेलं नाही."

"मग हे मला पुरे. गाठ तेवढी काढू, आणि तुमच्याकडे अख्खीच पाठवू."

रविवारी चर्चमधून परतलो, तर स्तामेंका आमच्या पायरीवर उभी. चेहरा पांढराफटक. प्रोकिचनी तिला फोनवर काळजीचं काही नाही असं सांगितलं होतं. आमच्याकडे मरणाऱ्या माणसालाही डॉक्टर हेच सांगतात, आणि खरं ते नातेवाइकांच्या कानात.

"डॉक्टर, मला फसवू नका. किती दिवस उरलेत?"

जिवंत रुग्णाशी बोलायची वेळ वेलिमिरवर कधी आलीच नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"कर्करोग नाही, स्तामेंका. मी स्वतः पाहिलंय."

ती पायरीवर बसली आणि रडू लागली. तो माझ्या कानाशी लागला, "आता काय करायचं?"

"काही नाही. बस तिच्याजवळ."

सणाच्या कोटासकट तो त्या गार पायरीवर बसला. तिने त्याचा हात घट्ट धरला. "नक्की ना?"

"नक्की," तो म्हणाला.

मी कॉफी ठेवायला आत गेले.