वहिनींच्या गोळ्यांच्या दोन डब्या

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जात असे. आता दादा नाहीत, वहिनीही नाहीत, आणि माझंही वय झालं. मी गेल्यावर घरात उरेल ती खोटी हकिकत. म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. माझा घणसोली गावात फोटो स्टुडिओ होता. थोरले दादा तळोज्याच्या कारखान्यात होते आणि कामोठ्याला राहायचे. साताऱ्याहून आल्यावर लग्न होईपर्यंत, म्हणजे बारा वर्षं, मी त्यांच्याच घरात वाढलो. वहिनींच्या हातचं जेवलो, त्यांनी धुतलेले कपडे घातले.

पुतणी लग्न होऊन मस्कतला गेली होती. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी वहिनींनी जायचं ठरलं. घरातलं परदेशी जाणारं पहिलं माणूस. पासपोर्टचा फोटो मी काढला, फॉर्म मी भरला. सही करताना त्यांनी एकेक अक्षर इतकं सावकाश काढलं की मी म्हणालो, "वहिनी, रांगोळी घालताय का?" त्या हसल्या.

त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही होती. बीपीची एक गोळी सकाळ-संध्याकाळ, शुगरची फक्त सकाळी अर्धी. डॉक्टरांकडे त्यांना मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या गोळ्या आणि इंग्रजीत चिठ्ठी दिली, आणि माझ्याकडे बघून बजावलं, "गोळ्या पट्टीतच राहू द्या. सुट्या करू नका. चिठ्ठी सोबत ठेवा." मी मान डोलावली.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरायला घेतली. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतविडा, शेजारणीने तिच्या मस्कतमधल्या मुलासाठी दिलेलं लोणचं. वहिनींच्या पर्समध्ये पट्ट्यांचा गठ्ठा मावेना. माझ्या स्टुडिओत फिल्मच्या रोलच्या रिकाम्या डब्या ढिगाने पडलेल्या असायच्या, काळ्या, करड्या झाकणाच्या. मी दोन आणल्या, कात्री घेतली आणि सगळ्या गोळ्या काढून त्यांत भरल्या. डब्यांवर कागद चिकटवून इंग्रजीत लिहिलं, विमानतळावरच्या लोकांना वाचता यावं म्हणून. मला माझ्या अक्षराचा अभिमान होता.

वहिनी बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, पट्ट्या ऱ्हाऊ द्या की. मला निळी बीपीची आन् चंदेरी शुगरची अशी सवय हाय."

"वहिनी, मावायला नको का? आणि वर लिहिलंय की."

त्यांनी डब्या हातात फिरवून पाहिल्या. मग म्हणाल्या, "बीपीच्या डबीला लाल धागा बांधू का?"

मी हसलो. "धागा कशाला? देवाची डबी आहे का ती?"

बीपीची डबी त्यांनी पर्सच्या डाव्या कप्प्यात ठेवली, शुगरची उजव्या.

त्या गेल्यानंतर सहाव्या दिवशी स्टुडिओतला फोन वाजला. दादांकडे फोन नव्हता, म्हणून पुतणी मला करायची. ती रडत होती. वहिनी स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या. शुगर इतकी खाली गेली होती की शुद्ध यायला दुसरा दिवस उजाडला. विमानतळावर तपासणीत कुणीतरी पर्स उलटी केली होती, डब्यांच्या जागा बदलल्या होत्या. गोळ्या दोन्ही पांढऱ्या, गोल, सारख्याच. त्या रोज शुगरच्या अर्ध्या गोळीच्या जागी दोन घेत होत्या.

"पण वर लिहिलंय ना!" मी म्हणालो.

"काका, आईला वाचता कुठं येतं?"

मला आठवतं, माझ्या हातात ग्राहकाचे ओले फोटो होते. ते तसेच खाली पडले. बारा वर्षं मी त्या घरात राहिलो होतो. पेपर आला की वहिनी म्हणायच्या, "भावजी, मोठ्यानं वाचा, माजा चष्मा गावत न्हाई." मी वाचायचो. चष्मा कधीच कसा सापडत नाही, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. ती सही म्हणजे त्यांना येणारी सगळी अक्षरं होती. त्यांनी धागा मागितला होता, आणि मी हसलो होतो.

पुतणी पुढे म्हणाली, "पट्ट्या कुणी काढल्या? आई म्हणते, मीच काढल्या."

फोनवर खरखर चालू होती. मी म्हणालो, "असेल."

एवढंच. तसाच कामोठ्याला गेलो आणि दादांना सांगितलं, वहिनींनी पट्ट्या काढल्या, गोळ्या उलट्यासुलट्या घेतल्या. दादा कपाळाला हात लावून बसले.

वहिनी परत आल्या तेव्हा उजवा हात थरथरायचा, बोलताना शब्द हरवायचे. नातू झाला होता, पण तो त्यांच्या हातात कुणी दिला नाही, पडेल म्हणून. पुढे कित्येक वर्षं दादा पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हिला साधी गोळी ओळखता आली नाही." मी समोरच बसलेला असायचो, मग पाणी प्यायला उठायचो. वहिनी माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत, मला अवघड होऊ नये म्हणून.

त्यानंतर त्यांच्या गोळ्या दर महिन्याला मीच नेऊन द्यायचो. पट्टीतच, बीपीच्या पट्ट्यांना लाल धागा बांधून. एकदा घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "वहिनी, त्या डब्या..." त्यांनी थरथरत्या हाताने धागा चाचपला आणि म्हणाल्या, "चा टाकते." त्या आत गेल्या. मी चहा पिऊन उठलो. पुन्हा तशी वेळ आली नाही. मला जे म्हणायचं होतं, ते असं:

वहिनी, पट्ट्या मी काढल्या. डॉक्टरांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. तुम्ही धागा मागितलात, आणि मी हसलो. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, आणि मीही घेतलं नाही. मला माफ करा.