एफएफ डीएट

डिचोलीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलंय. बोलताना त्याचा एक पाय सतत हलत असतो.

आमच्या वाचनालयाचा जुना प्रोग्राम बंद पडला, तेव्हा डेटाबेस घेऊन मी त्याच्याकडेच गेले. सभासदांची नावं दिसत होती, पण फोटोच्या रकान्यात नुसती अक्षरं आणि आकडे. त्यातच माझी आई होती. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर घ्यायची. सभासदकार्डासाठी तेवढा एकदा तिने फोटो काढू दिला होता. आता ती नाही.

"सगळा कचराच झाला ना?" मी म्हटलं.

त्याचा पाय थांबला. "कचरो न्हय, बाय. हांगा बघा, एफएफ डीएट. असो सुरू जाता तो फोटोच." मग तो एकेका सभासदाच्या रकान्याची सुरुवात मोठ्याने वाचत सुटला. आवाज इतका चढला की शेजारचा पाववाला डोकावून गेला.

आईची अक्षरं त्याने वेगळ्या फाईलमध्ये उतरवली, माउस माझ्या हातात दिला आणि उठून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. "पयलीं तुमी पळयात, तुमीच बघा."

मी क्लिक केलं. आई थेट माझ्याकडे बघत होती, "झालं का एकदाचं?" असं विचारल्यासारखी.