नवरीच्या न्हाणीघरातली हवा

"ती उदबत्ती खाली ठेव. कुणी दिली तुझ्या हातात?"

मी स्टुलावर उभी होते. मंडप म्हणजे इथलं मंगल कार्यालय; त्यातलं नवरीचं न्हाणीघर. लग्न दुसऱ्या दिवशी. भिंतीवर गॅसचा गीझर पेटलेला होता आणि त्याच्या धुराच्या नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरून मी धूर कुठे जातो ते पाहत होते. जायला हवा होता वर, नळीतून बाहेर. येत होता माझ्या तोंडावर.

"चाचणी करतेय," मी मराठीत म्हटलं.

दारातल्या आत्याबाई थबकल्या. मंडपाच्या मालकांची ही आत्या, घरातलं शेवटचं न्यायालय. तंजावुरात हत्यारांची पिशवी घेतलेली बाई मराठी बोलेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. चेहरा क्षणभर मऊ झाला.

"आपल्यातली? कुणाची गे तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. गल्ली सांगितली.

"म्हणजे पागेतली."

पागा म्हणजे राजाच्या घोड्यांचा तबेला. आमचे पूर्वज त्या घोड्यांना पाणी पाजत. राजे गेले, घोडे गेले, घोड्यांची लीदसुद्धा गेली. 'पागेतले' तेवढे राहिले.

आत्याबाईंनी लेकराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी उदबत्ती माझ्या हातून घेतली आणि बादलीत बुडवली. "देवाची वस्तू ती. हिनं तुम्ही नळ्या हुंगणार?" मग झाडणाऱ्या बाईला हाक मारली. तमिळमध्ये सांगितलं, इथं पाणी मार, उद्या नवरी इथं बसायची आहे.

मी स्टुलावर असतानाच पाणी मारलं गेलं. मी उतरले. चपला भिजल्या. आणि मी म्हणाले, "चुकलं."

कुणी मागितलं नव्हतं. आपसूक निघालं, घशात तयार ठेवल्यासारखं.

मी एका संस्थेत इमारतींमधली तापवण्याची आणि हवा खेळवण्याची कामं शिकत होते. गीझर, बॉयलर, डक्ट, पंखे. तंजावुरात हीटिंग शिकते म्हटल्यावर लोक हसत. शेजारचा रिक्षावाला अण्णा म्हणे, "अक्का, चैत्रात या गावाला आणखी तापवणार कोण, तू?" मीही हसायचे. वडील पुस्तकं बांधायचे. घरी दुरुस्तीला येणारी मराठी पुस्तकं बहुधा पहिली पानं गेलेली. तीच वाचत मी वाढले. त्यामुळे प्रस्तावनांवर माझा कधी विश्वास बसला नाही. आज आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारी मी एकटीच आहे, आणि त्याचा उपयोग आजवर लग्नपत्रिकांतल्या चुका काढण्यापलीकडे झालेला नाही.

शिकवायला सेल्वम सार होते. पापनाशमहून रोज रेल्वेने येत. संस्थेचं हवा मोजायचं यंत्र बंद पडलं तेव्हा त्यांनीच आम्हाला उदबत्ती दिली. "हिला सेल लागत नाही," म्हणाले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. तुम्ही वाट ठेवली नाही, तर ती स्वतः वाट शोधते. आणि गॅसला जळताना हवा कमी पडली की एक वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं. मग झोप येते. माणूस आंघोळ करता करता खाली बसतो.

हे सांगून झालं की सार रुमालाने चष्मा पुसत. त्यांना हे पुस्तकातून कळलं नसावं, असं मला नेहमी वाटायचं.

आता मंडपाबद्दल. परवान्यासाठी त्याची तपासणी आमच्या संस्थेकडे आली होती. मालकांना सगळे राव म्हणतात. दारात त्यांच्या पूर्वजांची नावं तीन भाषांत कोरलेली आहेत, संगमरवरात. कोण कोणत्या राजाबरोबर आलं, कुणाला कोणती पालखी मिळाली. त्या पालख्या कुणी उचलल्या त्यांच्यासाठी संगमरवर पुरला नसावा. रावांनी नुकताच सगळा मंडप एसी केला होता, त्यासाठी खिडक्या कायमच्या बंद. पण होमाच्या धुराने पाहुण्यांच्या रेशमी साड्यांना वास लागतो. म्हणून छतावर दोन दांडगे पंखे बसवले. बटण दाबलं की धूर वर, साड्या सुगंधी.

हवा आत यायची वाट मात्र कुणीच ठेवली नव्हती.

नवरीची खोली मंडपाला लागून. तिचं न्हाणीघर त्या खोलीत. त्यातला झरोकासुद्धा आत्याबाईंनी फळी ठोकून बंद करून घेतला होता. न्हाताना नवरीवर वारा पडू नये, बाहेरून कुणाची नजर येऊ नये. या घरांत लग्नाच्या सकाळी पाच सवाष्णी नवरीला तेल लावून न्हाऊ घालतात. दार लावून. गाणी म्हणत. गरम पाणी सारखं वाहतं ठेवून. त्याच वेळी बाहेर होम सुरू होतो.

आणि पंखे.

पंखे बंद ठेवून मी आधी पाहिलं होतं. धूर शहाण्यासारखा वर गेला. मग चालू करायला लावले. सार म्हणायचे, उद्या घर जसं वापरलं जाणार तसं आज तपासा. पंखे सुरू झाले आणि धूर वळला. भुकेला मंडप गीझरच्या नळीतूनच हवा ओढत होता. जे बाहेर जायचं ते आत येत होतं.

मी ओल्या चपलांनी खोलीत आले तेव्हा नवरी, रावांची पुतणी, पलंगावर बसली होती. कपाळाला बाम. हाताच्या मेंदीवरून नजर न काढता तिने विचारलं, "अक्का, उद्या गरम पाणी येईल ना? काल आलं ते बरं होतं. पण मेलं डोकं असं चढलं."

"काल कधी?"

"न्हाऊन आल्यावर. उलटी झाली. आत्या म्हणाली दृष्ट लागली. मीठमिरच्या ओवाळल्या. मिरचीचा ठसकासुद्धा लागला नाही, बघ. एवढी कडक दृष्ट."

"काल पंखे चालू होते?"

"साऱ्यांना दाखवत होते की राव काका. दिवसभर."

काल ती एकटी होती, थोडा वेळ. उद्या सहाजणी.

चाचणीचा कागद भरायचा होता. आमच्याकडे नियम असा की जो तपासतो तो सही करतो, मग मास्तर खाली सही करतो. त्या कागदाशिवाय रावांच्या परवान्याचं काम पुढे सरकत नव्हतं. दुपारी मंडपाच्या कचेरीत रावांनी कागद माझ्यापुढे सरकवला. सेल्वम सार शेजारी उभे. आत्याबाई खुर्चीत. मी सांगितलं, गीझर वापरता येणार नाही. का, तेही सांगितलं. नवरीचं डोकं का दुखलं तेही.

राव हसले. वाईट नाही, मायेनेच हसले. "पोरी, आमच्या घरात इतकी लग्नं झाली. हवेनं आजवर कुणाला काही केलं नाही."

"आजवर हे पंखे नव्हते. खिडक्या उघड्या होत्या."

"सेल्वम, ही उदबत्तीनं मशिन तपासते म्हणे. उद्या कापूर लावून वायरिंग तपासेल."

सारांनी हसायचा प्रयत्न केला. राव संस्थेच्या समितीवर आहेत. सार मला हळूच म्हणाले, "सही कर, अम्मा. अप्पुरम पाहू." अप्पुरम म्हणजे नंतर. मी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. ते तो पुसत नव्हते.

"नंतर म्हणजे कशानंतर, सार?"

आत्याबाई बोलल्या. "तुमची माणसं या गावात पाणी भरायला आली. पाणी भरा. गरम कसं करायचं ते आम्ही बघतो."

मी सही केली नाही. रकान्यात तमिळमध्ये लिहिलं, मोठ्या अक्षरात: धोकादायक, वापरू नये. खाली तेच मराठीत, कारण मला ते दोन्ही भाषांत लिहून ठेवायचं होतं. मग उठले, न्हाणीघरात गेले, गीझरचा गॅस बंद केला, रबरी नळी काढली, रेग्युलेटर सोडवला आणि वर लाल पट्टी बांधली. शिकवलं होतं तसंच. पावलं माझी, ओली, त्या धुतलेल्या फरशीवर.

राव दारात येऊन उभे राहिले. आता मायेचं काही नव्हतं. "तासाभरात दुसरा माणूस बोलावून जोडून घेईन. तू या गावात काम कसं करतेस तेच बघतो."

ते तासाभरात जोडून घेणार हे खरंच होतं. म्हणून मी त्यांच्याशी बोलले नाही. पलंगाशी गेले आणि नवरीशी बोलले, सगळ्यांसमोर, तिला समजेल अशा आमच्या मराठीत. "काल दृष्ट नव्हती. त्या खोलीतली हवा विषारी झाली होती. उद्या दार लावून न्हाशील तर तू आणि पाची जणी उठणार नाही. मी सांगितलं. आता तू ठरव."

आत्याबाई किंचाळल्या, "लग्नघरात मरणाचं बोलते! मेली अवदसा!"

नवरीने बामाचा हात कपाळावरून काढला. रावांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी तिथं न्हाणार नाही." आवाज फुटला, पण पुन्हा तेच म्हणाली. तिचं वाक्य बदललं नाही. मला तेव्हा बाहेर काढण्यात आलं.

ती मागच्या अंगणात न्हाली, लाकडांवर तापवलेल्या पाण्याने, चहूबाजूंनी लुगडी धरून. लग्न लागलं. कुणाला काही झालं नाही.

आणि तेच माझ्याविरुद्ध गेलं. गावभर झालं, पागेतल्या पोरीने उगाच अपशकुन केला, पाहा, कुणाला काही झालं का? माझं म्हणणं खरं ठरायला एक प्रेत लागत होतं. ते मी मिळू दिलं नाही, म्हणून मी खोटी. संस्थेतून माझं नाव 'गैरवर्तन' म्हणून काढलं. नवा कागद झाला. त्यावर सेल्वम सारांची सही आहे. मी ती पाहिली आहे. गीझर पुन्हा जोडला आहे. पंखे दोन्ही चालू आहेत. झरोक्याची फळी तशीच आहे, आता तिला रंग दिला आहे.

परवाना देणाऱ्या कचेरीत मी तीनदा अर्ज दिला. पोच मिळते. माणूस मिळत नाही. मी चौथा देणार आहे.

पण मुहूर्त अर्जासाठी थांबत नाहीत. मंडपाच्या फलकावर पुढच्या लग्नांची नावं लावतात. मी रस्त्यावरून ती वाचते. फलक वाचायला कुणी मनाई करू शकत नाही. येत्या मुहूर्ताची नवरी तिरुवैयारूची आहे, नदीकाठच्या एका शाळामास्तरांची मुलगी. मला ती ओळखत नाही. मी उद्या सकाळच्या बसने तिच्या घरी जाणार आहे. ओसरीवर बोलावलं तर ओसरीवर, नाही तर रस्त्यावरून सांगेन. बापाने ऐकलं नाही तर मुलीला सांगेन. दार लावलं तर खिडकीशी उभी राहून सांगेन, शेजारपाजारी ऐकतील अशा आवाजात. पोलीस बोलावले तर त्यांनाही लिहून घ्यायला लावेन. आणि तिच्या मागची नवरी, तिच्याही मागची. ती फळी निघेपर्यंत या गावात एकही मुलगी ते न्हाणीघर न कळता वापरणार नाही.