चंदाचे रोडगे

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला खुशालरावांचं शेत लागतं. संत्र्याची बाग, थोडी वांगी-मिरची आणि विहिरीजवळ एक डेरेदार आंबा. दर मार्गशीर्षात या आंब्याखाली रोडग्यांची पंगत बसायची. गव्हाच्या जाडसर पिठाचे, आत पदर घातलेले गोळे गवऱ्या पेटवून केलेल्या जगऱ्यात, निखाऱ्यांच्या राखेत, भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. आसपासच्या गावांत कुणाचीही मानता, म्हणजे नवसाची पंगत, असो, जगरा सांभाळायला बोलावणं खुशालरावांनाच यायचं. तेही आनंदानं जात आणि पानसुपारीखेरीज कुणाकडून काही घेत नसत.

त्यांची सून चंदा अकोल्याकडची. लग्न होऊन आली तेव्हापासून पदर लाटायचं काम तिच्याकडे. जगऱ्यापाशी मात्र पुरुषच बसायचे. बायांनी तिकडे फिरकू नये असं कुणी म्हटलं नव्हतं, पण कुणी बोलावलंही नव्हतं.

एका हिवाळ्यात पंगत चालू असताना चिखलदऱ्याहून उतरणारी नागपूरची एक गाडी वासावर थांबली. खुशालरावांनी साऱ्यांना पत्रावळीवर बसवलं आणि नको नको म्हणेपर्यंत वाढलं. निघताना गाडीतल्या एका गृहस्थांनी पाकीट काढलं तर खुशालराव चक्क रागावले. वर पिशवीभर संत्री गाडीत टाकली. गाडीतल्या बाई चंदाला हळूच म्हणाल्या, की तुम्ही हे जेवण रविवारी पैसे घेऊन ठेवाल तर आम्ही माणसं घेऊन येऊ.

ते बोलणं चंदाच्या डोक्यात ठाण मांडून बसलं. बाग होती, आंबा होता, घरचं तूप होतं. तिनं नवऱ्याला, गजेंद्रला, सांगितलं. तो आधी हसला आणि मग दुसऱ्याच दिवशी आंब्याखालची जागा चोपून सारवायला मुरूम घेऊन आला.

खुशालरावांपुढे विषय निघाला तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "आपल्या घरी रोडगा खाऊ घालतात, इकत नाही," एवढंच म्हणाले. सकाळी पिशवी भरली आणि अकोल्याला लेकीकडे निघून गेले.

चंदाला वाईट वाटलं, पण ती थांबली नाही. पाटी रंगवली, रस्त्यावर लावली. पहिल्याच रविवारी दोन गाड्या आल्या. भाजी अशी जमली होती की तिला स्वतःलाच चाखायचा मोह आवरेना. रोडगे मात्र वरून कोळसा झाले आणि फोडले तर आत पीठ तसंच ओलं. तिनं घाईघाईनं ज्वारीच्या भाकरी थापल्या. पाहुणे बिचारे पोटभर जेवले, भाजीची तारीफ करून पैसे पुढे करू लागले. तिनं घेतले नाहीत. नाव रोडग्याचं आणि ताटात भाकर, याचे कसले पैसे! गाड्या गेल्यावर तिनं सगळे रोडगे गाईपुढे टाकले, पदरानं तोंड पुसलं आणि अकोल्याला सासऱ्यांना फोन लावला.

"मामाजी, रोडगे बिघडले."

"जाळावर ठेवले का राखंत?" खुशालरावांनी विचारलं.

"जाळावर."

"मंग कच्चेच राहतीन ना, बाई. काहून घाई केली?"

"मले कोणी शिकोलंच नाही, मामाजी."

फोन बंद झाला. आपण जास्त बोललो की काय, या विचारानं चंदाचं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं खुशालराव फाट्यावर उतरले. पाय धुतले, चहाही न घेता आंब्याखाली गेले आणि हाक मारली. गजेंद्र धावत गेला, तर म्हणाले, "तुले नाही. चंदाले बोलाव."

त्या आठवड्यात त्यांनी तिला जगरा शिकवला. गवऱ्या कशा रचायच्या, धूर संपून निखारा कधी पांढरा पडतो, राखेवर तळहात धरून ऊब कशी ओळखायची. तिचे दोन घाणे बिघडले, तिसरा खुसखुशीत निघाला. खुशालरावांनी तो रोडगा फोडून वास घेतला आणि सारा खाल्ला. चंदाला तेवढं पुरे होतं.

विकण्याबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. फक्त अट घातली: पानावर बसलेल्या माणसाला मोजून वाढायचं नाही. तेव्हापासून रविवारी तुपाचं भांडं त्यांच्याच हातात. माणूस दोन्ही हात पानावर आडवे धरतो तरी धार सुटतेच. चंदा तुपाच्या काळजीनं लांबून डोळे वटारते, ते दिसलंच नाही असं दाखवतात. आणि पैसे द्यायची वेळ आली की हळूच विहिरीकडे निघून जातात. त्यांना ते अजून बघवत नाही.

गेल्या हिवाळ्यात अचलपूरचे महादेवराव आले. त्यांच्या घरी मोठी पंगत होती, खुशालरावांनी जगऱ्यावर बसावं म्हणून बोलवायला.

"मले कायले इचारता?" खुशालराव म्हणाले. "जगरा आता चंदा पाहते. तिले वेळ असंन तर येऊ आमी दोघं."

महादेवराव चंदाकडे वळले. ती राखेतून रोडगे उकरत होती, कपाळाला राख लागलेली. तिनं तारीख विचारली, आणि गवऱ्या वाळलेल्या लागतील, ओल्या चालणार नाहीत, हे दोनदा बजावून सांगितलं.