तळ्याकाठचा आळ

वडिलांनी बंगळुराहून कळवलं होतं की क्वार्टर्सच्या शेजारीच ‘टँक’ आहे, पाण्याची काळजी नको. आईनं मनातल्या मनात एक लोखंडी टाकी बसवून टाकली, झाकणाची आणि तोटीची. येऊन बघतो तर समोर हे भलंमोठं तळं! लोक त्याला ‘केरे’ म्हणायचे. “एवढ्या नितळ पाण्याला केर म्हणतात, कसली बाई ही माणसं,” असं आई पुढं कितीतरी दिवस म्हणत होती.

आमच्या वसाहतीत पाहुण्यांना दाखवण्यासारखं तेवढंच होतं. तळं, त्याचा मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या टोकाला देवीचं बुटकं देऊळ आणि देवळापलीकडे कौलारू शाळा. बंगळुरातल्या शिवाजीनगरची बस देवळापाशी येऊन वळायची, कारण पुढं रस्ताच नव्हता.

शाळेतून बांधावरूनच घरी यायचं, खाली उतरायचं नाही आणि धाकटीचा हात सोडायचा नाही, असा आईचा हुकूम होता. धाकटी सहा वर्षांची, मी दहा. पण मी नुसती दहा वर्षांची नव्हते, घरातली कानडी पंडित होते! भाजीवालीला ‘बेडा’ म्हटलं की ती जुडी परत ठेवते, म्हणजे बेडा म्हणजे नको. ‘बा’ म्हणजे ये, ‘होग’ म्हणजे जा. एवढ्या भांडवलावर मी आईची दुभाषी झाले होते. जे कळायचं नाही ते मी ठोकून द्यायची, आणि तेच जास्त ठसक्यात. ती पोरगी आज मला भेटली तर दोन्ही रिबिनी धरून तिला गदागदा हलवीन.

मार्चमधली गोष्ट. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला आणि शाळा दुपारीच सुटली. तळ्याचं पाणी आटून मागं सरकलं होतं. बांधाखाली गवत उघडं पडलं होतं, आणि गवताच्या पुढं पाण्याचा एक चिंचोळा पट्टा राहिला होता. त्याच्या पलीकडे आमच्या क्वार्टर्सच्या खिडक्या दिसत होत्या.

“खालून जाऊ. लगेच घर येईल,” मी म्हणाले.

“आई रागावेल.”

“आईला सांगणार कोण? तू?”

धाकटी माझ्यामागून उतार उतरली. ती मला फार मानायची. तिची त्या वयातली तेवढी एकच चूक.

खाली परटिणीनं गवतावर साड्या वाळत घातल्या होत्या. वळसा घालून गेलो असतो तर बिघडत नव्हतं. पण मी कशी वळसा घालीन? दोन साड्यांच्या मधून धाकटीला ओढत निघाले आणि तिचा चिखलानं भरलेला बूट एका पांढऱ्या साडीवर उमटला. अगदी टाचेसकट.

मी मागं पाहिलं. परटीण दगडावर कपडे आपटत होती, पाठ आमच्याकडे. मी धाकटीचा हात घट्ट धरला आणि पाण्यात शिरले. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. बूट भिजले म्हणून धाकटी कुरकुरायला लागली, तेवढ्यात मागून आवाज आला.

“ए हुडुगी! बा इल्ली!”

हुडुगी म्हणजे पोरगी. इकडे ये म्हणतेय. आता मार बसणार. मी पाय उचलले.

“आळ! आळ इदे!”

आळ! आमच्या घरी आजी नेहमी म्हणायची, ‘माझ्यावर आळ घेऊ नका गं.’ म्हणजे या बाईनं ठसा पाहिला होता आणि आता सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा आमच्यावर आळ घेत होती. कानडी बाई मराठी शब्द कशाला वापरेल, एवढा साधा विचारही या पंडितेच्या डोक्यात आला नाही.

“नानु अल्ला!” मी ओरडले. मी नाही! आणि हे मात्र अगदी शुद्ध कानडी होतं, बरं का.

“होगबेडा! आळ! होगबेडा!”

त्यातलं ‘होग’ मला कळलं. चालती हो म्हणतेय. पुढचा ‘बेडा’ मी ऐकलाच नाही. भाजीच्या जुडीपाशी ऐकू येणारा शब्द तळ्यात ऐकू येईना.

“जातेय, जातेय!” मी म्हणाले आणि मोठ्या तोऱ्यात पुढं निघाले. पाणी माझ्या कमरेला लागलं. धाकटीच्या छातीला.

“ताई, मला थंडी—”

वाक्य तिथंच तुटलं. वीटवाल्यांनी तिथून गाळ उपसून नेला होता, त्याचा खड्डा पाण्याखाली होता. धाकटीचा हात माझ्या हातातून निसटला. लाल रिबीन पाण्यावर दिसली आणि नाहीशी झाली. मी हात घातला, नुसतं गार पाणी. पुन्हा घातला, तेव्हा तिची वेणी हाती लागली. ती मी धरली, पण माझ्याही पायाखालचा चिखल सरकत होता. ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात पाणी.

तोंडावर काहीतरी सपकन आपटलं. पिळलेली ओली साडी. परटीण कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिचं दुसरं टोक धरून ओढत होती. मी एका हातानं साडी धरली, दुसऱ्या हातानं वेणी. यापलीकडे मी काही केलं नाही.

गवतावर आणलं तेव्हा धाकटी रडत नव्हती. ओठ जांभळे, डोळे अर्धे मिटलेले. परटिणीनं तिला मांडीवर पालथी टाकली आणि पाठ दाबायला लागली. मी नुसती बघत होते. माझं सगळं कानडी आणि सगळं मराठी संपलं होतं. दाबते आहे, दाबते आहे, आणि मग धाकटीनं भडाभडा पाणी ओकलं, स्वच्छ धुतलेल्या साडीवर, आणि भोकाड पसरलं. तसं गोड रडणं मी नंतर माझ्या बाळंतपणांतही ऐकलं नाही.

परटिणीनं आधी धाकटीला सुक्या लुगड्यात गुंडाळलं, मग मला एक सणसणीत ठेवून दिली. मग उभी राहिली, पाण्याकडे बोट केलं, आणि हात स्वतःच्या डोक्याच्याही वर नेऊन सावकाश म्हणाली, “आळ.”

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

आरडाओरडा ऐकून क्वार्टर्समधली माणसं बांधावर आली होती. आई अनवाणी उतार उतरत आली. परटीण तिला सगळं सांगायला लागली, हातवारे करत, धापा टाकत, आणि दर वाक्यात तोच शब्द.

आई जागच्या जागी थबकली. “आळ?” ती म्हणाली. “माझ्या पोरींवर आळ घेतेस? काय चोरलंय गं त्यांनी तुझं?”

“आई, नाही,” मी म्हणाले. दात वाजत होते. “आळ म्हणजे खोल.”

“काय?”

“इथं खोल आहे म्हणून ती ओरडत होती. जाऊ नका म्हणत होती.”

“मग तू थांबली का नाहीस?”

याचं भाषांतर मला येईना.

“किती खोल?” आईनं विचारलं.

मी हात डोक्याच्या वर नेला, मघाशी परटिणीनं नेला होता तसा. आईनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग लुगड्यात हुंदके देणाऱ्या धाकटीकडे पाहिलं, आणि ती मटकन त्या ओल्या साड्यांवरच बसली. परटिणीचा मनगटापर्यंत सुरकुतलेला हात तिनं दोन्ही हातांत धरला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आईला दुकानात ऐकलेलं एवढंच कानडी येत होतं.

“सरी,” ती म्हणाली. बरं, बरं. “सरी, सरी, सरी.”