खलास नावाचा खजूर

आधी एक दुरुस्ती. शर्किया प्रांताबद्दलच्या माझ्या मागच्या पोस्टमध्ये मी इथल्या प्रसिद्ध खजुराचं नाव 'इखलास' असं लिहिलं होतं. डब्यावरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून लिहिलं... ते चुकलं. इथली माणसं त्याला 'खलास' म्हणतात.

बाकीचं पुन्हा तपासलं, ते बरोबर आहे. सौदीचा हा पूर्वेकडचा प्रांत देशातला सगळ्यात मोठा. तेल इथलं, आणि रुब अल खाली या वाळवंटाचा मोठा भागही इथलाच. पण याच प्रांतात अल अहसा आहे... नजर पोहोचेल तिथवर खजुराच्या बागा, गरम पाण्याचे झरे आणि चक्क लाल तांदळाची शेती.

मला शाळेआधी वडिलांनी, अण्णांनीच घरी शिकवलं. नकाशात अरबस्तान सगळं पिवळं रंगवायला लावलं होतं त्यांनी. मी इथे नर्स म्हणून आले तेव्हा डोक्यात तोच पिवळा रंग होता.

खजुराच्या नावात एक अक्षर जास्त पडलं, तर कुणाचं काय बिघडलं, असं मलाही वाटलं असतं... पण मंगळवारची सकाळ तशी नव्हती. (नावं बदलली आहेत, पेशंटची किंवा हॉस्पिटलची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.)

मंगळवारी माझी ड्यूटी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी होती. सकाळी नऊची पहिली केस हर्नियाची, अल अहसातले एक म्हातारे बागवाले. इथे वयस्कर पेशंटला आम्ही सगळ्या 'बाबा'च म्हणतो. पूर्ण भूल द्यायची होती, म्हणजे पोट निदान सहा तास रिकामं हवं. नाहीतर भुलीत उलटी होते, अन्न फुफ्फुसात जातं... आणि ते जिवावर बेतू शकतं.

वॉर्डमधून त्यांना जिन्सी घेऊन आली. जिन्सी केरळची, माझी रूममेट. तिने बाबांना विचारलं होतं, खाणं कधी झालं? ते म्हणाले, "खलास, थलाथा." थलाथा म्हणजे तीन. आणि 'खलास' तर गल्फमध्ये आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं... संपलं. म्हणजे पहाटे तीनला खाणं संपलं, त्यानंतर काही नाही.

भूल देणारे डॉक्टर हैदराबादचे. त्यांनीही मान हलवली. "यल्ला सिस्टर, अंदर लो."

माझा हात मात्र ट्रॉलीच्या दांडीवरच राहिला. रमजान असता तर पहाटे तीनचं खाणं समजलं असतं. पण रमजान नाही, मग हा माणूस तीन वाजता उठून काय जेवत होता?

जिन्सी हळूच म्हणाली, "आ गई इन्स्पेक्टर. भूख लगी होगी, तुझे क्या?" गेल्या महिन्यात मी अशीच एक केस थांबवली होती. पेशंटच्या बोटात अंगठी राहिली असं वाटलं, निघाला जुना व्रण. त्यावरून अजून चिडवतात. माझं प्रोबेशनही संपायचंय.

तरी वाकून विचारलं, "बाबा, साआ थलाथा?" तीन वाजता?

ते हसले. "ला, ला, बिंती." नाही गं पोरी. मग तीन बोटं वर केली, तोंडाशी नेली, आणि मुठीत बी थुंकल्यासारखं केलं. "तमर. खलास."

तमर म्हणजे खजूर. खलास जातीचे, तीन. कधी ते विचारलं, तर पहाटेच्या नमाजानंतर, कॉफीबरोबर... म्हणजे सहा तास झालेच नव्हते.

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "वापस लो. लिस्ट में सबसे आखिर में." जिन्सीचा चेहरा पांढरा पडला. मी ट्रॉली वळवली.

बाहेर बाबांची मुलगी भडकली. म्हाताऱ्या माणसाला दुपारपर्यंत उपाशी ठेवणार? खाऊ नका म्हणालात, ते जेवले नाहीत. तीन खजूर म्हणजे काय खाणं झालं? तिच्या घरी कॉफीबरोबर खजूर येतोच, त्याला कुणी खाणं म्हणत नाही... आपण नाही का म्हणत, 'सकाळपासून काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला.' बाबांनी मात्र तिला थांबवलं आणि काहीतरी म्हणाले. तिने नाइलाजाने हसत मला सांगितलं, "ते विचारतायत, म्हणजे खलास खाऊन मी खलास होणार होतो का?"

दुपारी ऑपरेशन झालं. काल बाबा घरी गेले.

पण मला चैन नाही. उत्तर आम्हाला चुकीचं कळलं, हे खरं. पण आमचा प्रश्नच चुकीचा होता. 'खाल्लं का' असं विचारून इथे कळणार नाही. 'कॉफी घेतली का, खजूर घेतला का' असंच विचारायला हवं, प्रत्येकाला.

हे स्टाफ मीटिंगमध्ये सांगायचं तर मंगळवारचं सांगावं लागणार. जिन्सी बसमध्ये म्हणाली, "मेरा नाम आया तो इकामा रिन्यू नहीं करेंगे." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. मला तिचं नाव घ्यायचं नाही, आणि झालेलं लपवायचंही नाही. तीन दिवस याच विचारात आहे.

शेवटी आज तिला सांगितलं, मी 'आम्ही' म्हणेन. आम्हाला कुणालाच आधी कळलं नाही. ते खोटं नाही, तिच्या जागी मी असते तर मीही तेच ऐकलं असतं. तिने हातातला कांदा चिरून संपवला. मग म्हणाली, "मैं तेरे बगल में बैठूँगी. पर इंग्लिश धीरे बोलना, घबराती है तो राजधानी एक्सप्रेस हो जाती है."

दुसऱ्यांदा विचारलं म्हणून न चिडलेल्या त्या बाबांचे मनापासून आभार.

मीटिंग रविवारी सकाळी आहे. मी बोलणार आहे... याच रविवारी.